सोमवार-गुरुवार, दोन ते पाच

घरात मृत्यू झाला की त्या घरच्यांना एकटं सोडायचं नाही, असा धरणगावात आमच्या गल्लीचा दंडक होता. सगळे धडधाकट असताना कोणी एकटं पडलं, तर तो ज्याचा त्याचा प्रश्न.

शेवंताबाईचा नवरा जीवराम अठ्ठ्याऐंशी साली होळीनंतर आठ दिवसांनी गेला. जिनिंग फॅक्टरीत तो तोलाईवर होता. कापसाची गाडी काट्यावर घेतली, वजन सांगितलं, आणि लिहून घेणाऱ्यानं मान वर केली तेव्हा हा काट्याशेजारी बसलेला होता. बसला तो बसलाच. वय चौपन्न. ना आजारपण, ना दवाखाना, ना कोणाला त्रास. काय भाग्याचं मरण, असं गल्लीतल्या बायका महिनाभर म्हणत होत्या. त्या भाग्यातला शेवंताबाईच्या वाट्याला किती आला, याची चौकशी कोणी केली नाही.

तिच्या वाट्याला आली होती भागाबाई. जीवरामची आई, वय अठ्ठ्याहत्तर. नऊ वर्षांपूर्वी तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. अक्कल आणि भूक मात्र जागच्या जागी राहिली. ओसरीत दारालगत तिची बाज होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, वेळेवर भांडं द्यायचं, वेळेवर काढायचं, पेज भरवायची, तोंड पुसायचं. नऊ वर्षांत भागाबाईच्या पाठीवर एक फोड उठला नाही. गावातल्या डॉक्टरांना त्याचं फार कौतुक होतं. ते इतर पेशंटच्या नातेवाइकांना ती पाठ दाखवायला घेऊन येत.

हे काम दोन माणसांचं होतं. भागाबाई म्हातारी झाली होती, हलकी झाली नव्हती. जीवराम बगलेतून धरायचा, शेवंताबाई गुडघ्यांखालून. ती म्हणायची, "हं, उचला." तो उचलायचा. फॅक्टरीत जाण्याआधी, दुपारी जेवायला आला की, संध्याकाळी परतल्यावर. नऊ वर्षांत नवरा-बायकोत जे काही बोलणं झालं असेल, त्यातलं निम्मं हेच. पण बोलणं होतं.

जीवरामला पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई बाजेच्या पायथ्याशी वाकली, सासूच्या गुडघ्यांखाली हात घातले आणि म्हणाली, "हं, उचला."

आणि थांबली. भागाबाई छताकडे बघत राहिली. थोड्या वेळानं शेवंताबाईनं हात काढले, बाजेला वळसा घालून वरच्या अंगाला गेली, खांदे सरकवले, परत वळसा घालून खाली आली, पाय सरकवले. त्या दिवसापासून दर दोन तासांनी हा वळसा सुरू झाला. तो बघायला गल्लीतलं कोणी नव्हतं, कारण दारावर यायची वेळ दुपारची असते.

दारावर येणं म्हणजे दुःखाच्या घरी बसायला जाणं. आमच्याकडे गंधमुक्ती झाली, तेरा दिवस उलटले, पुरुष आपापल्या कामाला लागले, तरी बायकांचं दारावर येणं चालू राहतं. सोमवारी आणि गुरुवारी, दोन ते पाच. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, दारातूनच सूर लावायचा, आणि आत येऊन बसायचं. चहा नाही, पाणी नाही. शेवंताबाईच्या सोयीचा एवढा एकच नियम. हे चालतं ते विधवेचा माहेरचा भाऊ दुखवटा काढेपर्यंत. भाऊ लुगडं घेऊन येतो, तिला आपल्या घरी नेतो, गोड घास भरवतो. त्या दिवसापासून दुःख फिटलं असं समजायचं आणि दार मोकळं करायचं. तोवर बाईनं घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आतल्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात, तोंड झाकून बसायचं.

या सगळ्याची सूत्रं तानुबाईकडे होती. साठीची, मोठ्या आवाजाची, घरात तीन सुना असलेली बाई. कोणत्या मृत्यूला किती रडायचं, कोणत्या वारी गेलं तर चालतं, कोणाचं नाव घेऊन सूर काढायचा, हे सगळं तिला पाठ होतं. ती सुरू झाली की आम्ही सुरू व्हायचो, ती थांबली की थांबायचो. एखादी नवी सून पुढे तसंच रडत राहिली तर तानुबाई कोपरानं ढोसायची.

शेवंताबाई रडली नाही, आणि तिथून सगळं बिघडलं.

पहिल्या सोमवारी आम्ही सात-आठ जणी तिच्या कोपऱ्याभोवती बसलो. तानुबाईनं सुरात जीवरामचा काटा आणला, कापूस आणला, त्याची सायकल आणली. आम्ही सगळ्या रडलो. शेवंताबाई तोंड झाकून बसून होती. पदराखालून काही आवाज येईना.

"रडी ले माय, रडी ले," तानुबाई म्हणाली. "मन मोकळं व्हई जाई."

पदराखालून शेवंताबाई म्हणाली, "तीन वाजनात का?"

"काब्रं व?"

"आत्याबाईनी कूस बदलनी शे."

आणि ती उठून गेली. पदर खोचून तिनं सासूला वळवलं, भांडं दिलं, काढलं, मागच्या दारी जाऊन धुतलं, हात धुतले, परत येऊन कोपऱ्यात बसली आणि तोंड झाकून घेतलं. मधल्या वेळात आमचं रडणं थांबलं होतं. परत कुठून सुरू करायचं ते तानुबाईलाही कळेना.

बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "हाई बाई कोरडी शे. नवरा गया, तरी डोयामा पानी नही."

पुढच्या गुरुवारपासून आम्ही आतल्या खोलीत जाणंच सोडलं. रडणाऱ्याला समोरून साथ लागते. ती साथ भागाबाई चांगली द्यायची. तिचं तोंड वाकडं व्हायचं, डाव्या डोळ्यातून धार लागायची आणि घशातून असा आवाज निघायचा की तानुबाईच्या अंगात दुप्पट बळ यायचं. आम्ही बाजेभोवती बसायला लागलो. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता. येता-जाता एखादी पडदा सरकवून बघायची, कोपऱ्यात लुगड्याखाली शेवंताबाई बसलेली दिसायची, ती म्हणायची, "बिचारी," आणि पडदा सोडायची. सांत्वन झालं.

बाकीचं सांत्वन टपालानं यायचं. तिचा मुलगा वना भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टरीत होता, बायको-मुलांसह क्वार्टरमध्ये राहायचा. गंधमुक्तीला आला होता, आठ दिवस राहिला, रजा संपली. त्याचं दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं: आई, स्वतःची काळजी घे, टेन्शन घेऊ नको, आजीकडे लक्ष दे. तिन्ही गोष्टी एका पोस्टकार्डावर मावायच्या. धुळ्याहून नणंद पुष्पाबाई लिहायची की वहिनी, तुम्ही वाचनात मन रमवा. डॉक्टर पाठ बघायला आले तेव्हा शेवंताबाईच्या डोळ्यांखालची वर्तुळं त्यांना दिसली. ते म्हणाले, "तुम्हाला विश्रांतीची सक्त गरज आहे. रात्रीची सलग सात तास झोप झालीच पाहिजे." मग टॉनिक लिहून दिलं आणि चपला घालता घालता म्हणाले, "आईंची कूस मात्र दर दोन तासांनी बदलत राहा हं. रात्रीसुद्धा."

एप्रिलमधली गोष्ट. शेवंताबाई सासूला पेज भरवत होती. चमचा, तोंड, चमचा, तोंड. आणि एकदम तिच्या लक्षात आलं की भागाबाईनं आपलं मनगट घट्ट धरलं आहे. म्हातारीचे डोळे बाहेर आले होते, तोंडातली पेज गिळली गेली नव्हती, गालातून ओघळत होती, घशात घरघर चालू होती, आणि आपण भरलेला पुढचा चमचा तिच्या ओठांत लोटत होतो. किती वेळ, ते कळेना. आपण जाग्या होतो, डोळे उघडे होते, पण आपण तिथं नव्हतो.

तिनं म्हातारीला कुशीवर केलं, पाठीत थापट्या मारल्या. पेज बाहेर पडली, श्वास लागला. शेवंताबाई जमिनीवर बसली. नवरा गेल्याचं दुःख होतं, ते होतंच. पण आता वेगळीच भीती तिच्या मनात शिरली. आज मनगट धरलं म्हणून वाचली. आपलं डोकं असंच चाललं तर एक दिवस ही आपल्याच हातून जाईल, आणि आपण चमचा धरून बसलेल्या असू.

हे तिनं एका माणसाला सांगितलं. मागच्या बोळात लताबाई शिलाईकाम करायची. तिला नवऱ्यानं सोडलं होतं, त्यामुळे शुभप्रसंगी तिला कोणी बोलवत नसे आणि दुःखाच्या प्रसंगी ती आपणहून येत नसे. खाली मशीन, वर माळा, माळ्यावर चिंध्यांच्या गोधड्या. ती ब्लाउजचं माप घ्यायला मागच्या दारानं आली होती. बुधवार होता.

लताबाईनं सगळं ऐकलं. टेप गळ्यात टाकली.

"सोमवारले सात बाया तुनी सासूजोडे बठतस ना?"

"हा."

"मंग त्या टाईमले तू घरमा कसाले बठस?"

शेवंताबाईला प्रश्नच समजला नाही. "दुःखमा शे मी. कोपरामा बठनं पडस."

"तुले कोन देखस? मना माळावर ये. झोप."

गुरुवारी पावणेदोनला शेवंताबाईनं सासूला भांडं दिलं, कूस बदलली, पाणी पाजलं. मधली तीनची पाळी तेवढी चुकणार होती. मग कोपऱ्यात एक गोधडी उभी गुंडाळून भिंतीला टेकवली, वर दुसरी घडी डोक्यासारखी ठेवली आणि त्यावर आपलं रोजचं लुगडं पांघरलं. दुसरं लुगडं नेसून मागच्या दारानं बाहेर पडली. दोन वाजता आम्ही पुढच्या दारानं सूर लावून आत आलो. बाजेपाशी बसण्याआधी मी स्वतः पडदा सरकवून बघितलं. "बिचारी," असं मीच म्हटलं होतं.

ती माळ्यावर आडवी झाली ती साडेचारपर्यंत. खाली मशीन चालू होतं. जाग आली तेव्हा तिचे दोन्ही हात पुढे होते आणि ती मोठ्यानं म्हणाली, "हं, उचला."

खालचं मशीन थांबलं. आणि मग ते आलं. पाच आठवडे जे सात बायकांना तानुबाईच्या नेतृत्वाखाली आणता आलं नव्हतं, ते लताबाईच्या माळ्यावर चिंध्यांमध्ये आलं. ती ओरडून रडत होती. भर दुपारी बोळात माणसं जात होती. लताबाईनं सुईखालचं कापड काढून घेतलं आणि रिकामं मशीन जोरात चालवायला सुरुवात केली. पंधरा-वीस मिनिटं ती नुसते पाय मारत होती. बोळातल्या लोकांना वाटलं, लग्नसराईचं काम आलंय.

पाचला पाच मिनिटं कमी असताना शेवंताबाई घरी आली, लुगडं बदललं, गोधडी उलगडली. सासूची कूस बदलायला ओसरीत आली तेव्हा भागाबाईनं तिच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

त्यानंतर गोधडी दर सोमवारी आणि गुरुवारी नियमानं दुःखात बसायला लागली. आणि खरं सांगायचं तर गोधडीनं ते काम शेवंताबाईपेक्षा चांगलं केलं. मध्येच उठून जायची नाही, तीन वाजले का विचारायची नाही. तानुबाईचंसुद्धा मत बदललं. "आते कशी शांत बठस," ती म्हणाली. "वाटं लागनी."

शेवंताबाई हळूहळू माणसात येत होती. पेज भरवताना भरवलेला घास मोजायची. रात्री वळसा घालताना भिंतीचा आधार लागत नव्हता. आठवड्यातले सहा तास. त्याच्यावर ती उरलेले सगळे तास ओढून नेत होती. फक्त एक अडचण होती. हे सहा तास दुःखाचे होते, आणि दुःख संपत आलं होतं. माहेरचा भाऊ झुलाल पारोळ्याहून लुगडं घेऊन यायचा होता.

सव्वा महिना होताच त्याचा निरोप आला. शेवंताबाईनं कळवलं, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आहे, घरातल्या नव्या पितराची पहिली घागर भरायची आहे, नंतर बघू. आखाजीला तिनं घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, जीवरामच्या नावानं पान वाढलं. आखाजी झाल्यावर झुलालचा परत निरोप. तिनं कळवलं, धोंड्याचा महिना लागतोय, धोंड्यात दुखवटा काढत नाहीत. असा नियम आहे की नाही हे झुलालला माहीत नव्हतं, त्यानं पारोळ्यात दोन जणांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणजे असणारच. धोंड्याचा महिना गेल्यावर तिनं पेरणी पुढे केली. शेतकऱ्याला पेरणीपुढे बोलता येत नाही.

आम्ही मात्र थकलो होतो. जीवरामला साडेतीन महिने झाले होते. त्याच्याबद्दल रडायचं सगळं रडून संपलं होतं, सायकल चार वेळा झाली होती. पण दार मोकळं झालं नाही तोवर न जाणं म्हणजे तानुबाईशी वाकडं. बायका पदराखाली निवडायची डाळ आणायला लागल्या.

जुलैतल्या एका सोमवारी धुळ्याहून पुष्पाबाई आली. न कळवता. तिचे यजमान शाळेत हेडक्लार्क, तिचं बोलणं पुस्तकातल्यासारखं झालेलं. गंधमुक्तीनंतर तिला यायला जमलं नव्हतं, त्यामुळे भाऊ गेल्याचं दुःख तिच्याजवळ बरंच शिल्लक होतं. अडीच वाजता एस.टी.तून उतरून ती थेट दारात आली, पिशवी टाकली, आईच्या गळ्यात पडली. आम्हालाही जरा हुरूप आला. मग ती पडदा सरकवून आत धावली.

"वहिनी, वहिनी, कसं हो झालं हे," म्हणत तिनं कोपऱ्यात बसलेल्या वहिनीला कडकडून मिठी मारली.

वहिनी मधोमध दुमडली. वरची घडी पुष्पाबाईच्या खांद्यावरून घरंगळून मागे पडली.

पुष्पाबाईची किंकाळी ऐकून आम्ही सगळ्या आत गेलो. ती लुगडं हातात धरून उभी होती. पायाशी गोधडी. आपण या गोधडीला 'बिचारी' म्हटलं, हे प्रत्येकीला आठवत होतं, आणि दुसरीला ते आठवू नये असं वाटत होतं.

"माझ्या भावाला चार महिने नाही झाले," पुष्पाबाई म्हणाली, "आणि ही बाई गेली कुठे?"

तानुबाईचा चेहरा काळवंडला. अडीच-तीन महिने तिनं नेमानं रडवलं होतं, आणि कोणाला, तर गोधडीला. "उबरा वलांडना," ती म्हणाली. "दुःखमा उबरा वलांडना."

ओसरीतून भागाबाईचा आवाज आला. जड जिभेनं ती एक-एक शब्द ढकलत बोलायची. "पुष्पे. आठे ये."

आम्ही सगळ्या बाजेपाशी आलो.

"माले भांडं दे," भागाबाई म्हणाली.

"आई, वहिनी कुठे गेल्यात?"

"पहिले भांडं दे."

पुष्पाबाईनं भांडं आणलं. ते घालायचं कसं, हे तिला माहीत नव्हतं. तिनं आईला एका हातानं उचलायला बघितलं; भागाबाई तसूभर हलली नाही. मग तानुबाई पुढे झाली, मग दोघी अजून, मग आम्ही सगळ्याच. एकीनं ओढलं, दुसरीनं ढकललं, तिसरी बाजेवर चढली, भांडं आडवं झालं. आठ बायका मिळून जे झालं त्याला उचलणं म्हणता येणार नाही. पुष्पाबाईची धुळ्याहून नेसून आलेली साडी खराब झाली.

"बरं," भागाबाई म्हणाली. "आते सांगस. मीच धाडी तिले."

"तू?" पुष्पाबाईनं विचारलं.

"मांगला दारनी कडी वाजस. माले ऐकू येस. पहिला दिनपासून." ती दम घ्यायला थांबली. "ती आठे ऱ्हास तवपावत माले रडता येस नही. मी रडनू, ते तिले आखो मालेच सांभाळनं पडी. ती गयी का मीबी रडी लेस." आणि थोड्या वेळानं, "तिनंबी तसंच शे. मना देखता ती कशी रडी?"

पुष्पाबाई धुण्यासाठी मागच्या दारी गेली. आम्ही बसून राहिलो. पुस्तक वाचून मन रमवा, असं पुढे तिनं कोणाला लिहिल्याचं ऐकलं नाही.

पाचला पाच कमी असताना मागची कडी वाजली. शेवंताबाई आत आली, कोपऱ्यात गोधडी उलगडलेली पाहिली आणि पडदा सरकवून ओसरीत आली. गालावर माळ्यावरच्या चिंध्यांच्या शिवणीचा लाल वळ उठला होता. आठ जणी तिच्याकडे बघत होत्या.

"कोठे गयी व्हती?" तानुबाईनं विचारलं.

"झोपाले."

"झोपाले? नवरा मरेल शे, आनि झोपाले? लोकं काय म्हणतीन?"

शेवंताबाईनं आमच्याकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. "बठ्ठा लोकं आठेच शेतस," ती म्हणाली. "काय म्हणानं ते म्हणा. मी उभी शे."

म्हणायचं ते आम्ही बाहेर पडल्यावर, कोपऱ्यापर्यंत जाता जाता म्हटलं.

पण तानुबाईनं रात्रीतून उपाय शोधला. दुःख आहे म्हणून दार आहे, दार आहे म्हणून ही थेरं आहेत. तिनं पारोळ्याला माणूस पाठवला. गुरुवारी झुलाल लुगडं घेऊन हजर. पेरणी झाली होती, सबब उरली नव्हती. पुष्पाबाई थांबली होती, तानुबाई आली होती, आम्ही होतोच. झुलालनं बहिणीच्या अंगावर लुगडं ठेवलं. त्याचे डोळे भरले होते. सरळ माणूस होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"चाल अक्का. दुःख फिटनं आते."

शेवंताबाईनं लुगडं हातात घेतलं. तिचा चेहरा मी बघितला. त्या लुगड्याबरोबर तिच्याकडून काय काढून घेतलं जात होतं ते तिथं बसलेल्या निदान दोघींना माहीत होतं. एक ती, दुसरी बाजेवर होती.

"झुलाल भाऊ," भागाबाई म्हणाली. "चांगलं करं. तिनं दुःख तिना भाऊनी फेडं." ती थांबली, दम घेतला. "मनं कोन फेडी?"

झुलाल तिच्याकडे वळला.

"जीवराम तिना नवरा व्हता. मना आंडोर नव्हता का? माले दुःख नही का? मना तिन्ही भाऊ मरी गयात. मंग मनं दार कोन मोकळं करी?"

सगळ्यांनी तानुबाईकडे बघितलं. तानुबाई विचारात पडली. नियम तिचाच होता. मुलाच्या मृत्यूत आईचा दुखवटाही तिच्या माहेरच्यानंच काढायचा असतो. इतर घरांत आया म्हाताऱ्या असतात, कोणी लक्ष देत नाही, सुनेबरोबर त्यांचंही उरकतं. पण मागितला तर नाही कसं म्हणणार?

"भाऊना पोऱ्या व्हई ना कोनी?" तिनं विचारलं.

"शे ना एक," भागाबाई म्हणाली. "सुरतले."

"सुरतमा कोठे?"

"सुरतमाच."

सुरत मोठं गाव आहे. भाच्याला शोधायचं ठरलं, ते ठरलेलंच राहिलं. तोवर रीतसर, सोमवारी आणि गुरुवारी, दोन ते पाच, भागाबाईच्या दारावर बसणं गल्लीला भाग होतं. शेवंताबाईचा दुखवटा मात्र निघाला होता. तिला उंबरा ओलांडायला मोकळीक होती. ती भावाबरोबर पारोळ्याला गेली, गोड घास खाल्ला, एक रात्र झोपली, परत आली. पुढच्या सोमवारी पावणेदोनला ती पुढच्या दारानं बाहेर पडली. तानुबाई समोरून येत होती. दोघी एकमेकींना टाळून गेल्या.

भागाबाई त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं जगली. पाच वर्षं आम्ही जीवरामसाठी दारावर गेलो. पहिल्या वर्षी थोडं रडलो. मग दारात पदर ओढून एक सूर लावायचा, आणि आत गेल्यावर डाळ, गहू, लोणच्याच्या कैऱ्या, स्वेटरच्या सुया. तानुबाईच्या घरात तीन सुनांचं राज्य आलं होतं आणि तिला बसायला जागा उरली नव्हती. ती दीड वाजताच यायची. आमच्यातल्या प्रत्येकीच्या घरी कोणी ना कोणी होतंच, आंधळा सासरा, दारुडा दीर, फिट येणारी मुलगी. तीन तास कोणी त्यांच्याबद्दल विचारायचं नाही. दुःखाच्या घरी जायला कोणी अडवत नाही. अशी सोय सुखाच्या घरांनी आम्हाला कधी दिली नव्हती.

आणि आम्ही उचलायला शिकलो. तानुबाई बगलेतून धरायची, गुडघ्यांखालून ज्या दिवशी जिची पाळी. "हं, उचला," तानुबाईच म्हणायची. तिला सूत्र हातात लागायचं. तीनला कूस, पाचला परत.

त्र्याण्णवच्या मार्च महिन्यात, एका सोमवारी, तीनची कूस बदलायला आम्ही उठलो तेव्हा भागाबाई गेलेली होती. केव्हा गेली ते कळलं नाही. डोळे अर्धे मिटलेले, डावा हात पोटावर. आमचं कैरीचं चाललं होतं.

एक नवी सून पदर ओढून सूर लावायला लागली. तानुबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"रडू नका," ती म्हणाली.

"अव पन काकी, शेवंता काकूले बलावनं पडी ना?"

"कसाले?" तानुबाई म्हणाली. "आते काय घाई शे? पाच वाजू द्या."

दोन तास आम्ही बाजेभोवती बसून राहिलो. मोठ्यानं कोणी बोललं नाही. मागच्या बोळापर्यंत आवाज जातो. लताबाईचं मशीन ऐकू येत होतं. तानुबाई पदरानं माश्या हाकत होती.

पाचला शेवंताबाई आली. दारात थबकली. तिनं बाजेकडे बघितलं, मग आमच्या कोरड्या तोंडांकडे.

"कूस कवय बदली?" तिनं विचारलं.

"दोनले. तूच बदली व्हती," तानुबाई म्हणाली.

"मंग कवयना वखत व्हई गया," शेवंताबाई म्हणाली. ती पायथ्याशी वाकली, सासूच्या गुडघ्यांखाली हात घातले. तानुबाई उठून वरच्या अंगाला गेली आणि तिनं बगलेत हात घातले.

"हं, उचला," शेवंताबाई म्हणाली.

तानुबाईनं उचललं. मग पदर हनुवटीपर्यंत ओढला, आणि आम्ही सुरू केलं.